पाऊलखुणा आणि कबुलीजबाब

इ. स. १३२७ च्या नोव्हेंबर महिन्यात, उत्तर इटलीतील हिमाच्छादित डोंगरांच्या कुशीत वसलेल्या एका संपन्न बेनेडिक्टपंथी मठात विल्यम नावाचा प्रौढ फ्रान्सिस्कन साधू आणि आद्सो नावाचा त्याचा कोवळा शिष्य येऊन उतरतात, तेव्हा तेथील एका तरुण चित्रकार-लेखनिकाचा मृतदेह नुकताच कड्याखाली सापडलेला असतो. आणि मठाधिपती त्या मृत्यूचा उलगडा करण्याची विनंती विल्यमला करीत असतानाच मृत्यूंची जी मालिका सुरू होते, ती मठाच्या विश्वविख्यात ग्रंथालयाच्या राखरांगोळीपर्यंत जाऊन थांबते. ‘द नेम ऑफ द रोझ’ या १९८६ सालच्या चित्रपटाचे कथासूत्र एवढेच सांगितले तर ती एक रहस्यकथा वाटेल, आणि रहस्यकथा म्हणूनही ती उत्तमच आहे. परंतु खुनी कोण, या प्रश्नाच्या पाठीमागे या चित्रपटात त्याहून गहन असा दुसरा प्रश्न उभा आहे: सत्य शोधावयाचे ते कोणत्या रीतीने? वस्तूंनी मागे ठेवलेल्या खुणा वाचून, की माणसाच्या तोंडून कबुली वदवून? युरोपच्या मध्ययुगाने हे दोन्ही मार्ग एकाच वेळी, एकाच धर्मसंस्थेच्या छत्राखाली जोपासले. ते एकाच छताखाली समोरासमोर आणून दाखविण्यात या चित्रपटाचे खरे महत्त्व आहे, असे मला मनःपूर्वक वाटते.

मूळ कादंबरी उंबेर्तो एको यांची. बोलोन्याच्या विद्यापीठात चिन्हमीमांसा शिकविणाऱ्या, मध्ययुगीन सौंदर्यविचाराचा आयुष्यभर व्यासंग केलेल्या या पंडिताने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९८० साली, आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी तिला इटलीतील प्रतिष्ठेचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. लॅटिन उतारे, धर्मसभांचे वाद आणि ग्रंथांच्या लांबलचक याद्या यांनी भरलेले हे पुस्तक सामान्य वाचकही रात्र रात्र जागून वाचतात, याचे त्या वेळी विद्वानांनाही नवल वाटले. ते पडद्यावर आणण्याचे धाडस झाँ-झाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाने केले. आणि आपली कृती मूळ ग्रंथाची बरोबरी सांगत नाही, हे प्रांजळपणे कळविण्यासाठी त्याने श्रेयनामावलीतच हा चित्रपट म्हणजे एकोच्या कादंबरीचे ‘पॅलिम्प्सेस्ट’ आहे, असे नोंदवून ठेवले. जुना मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा मजकूर लिहावा आणि तरीही खालच्या अक्षरांची अंधुक छाया वर उमटत राहावी, अशा हस्तलिखिताला ही संज्ञा आहे. चित्रपट आणि कादंबरी यांचे नाते याहून नेमके सांगता येणार नाही.

आनोने जे मध्ययुग उभे केले ते पाहिल्यावर डोळ्यांना गारवा लाभत नाही. अंगावर काटा येतो. राजवाडे, जरीची वस्त्रे आणि स्पर्धेतले घोडेस्वार यांची सवय झालेल्या प्रेक्षकाला येथे भेटतात ते चिखल, धूर, डुकरांच्या रक्ताने भरलेला रांजण, आणि मठाच्या भिंतीवरून खाली फेकलेल्या खरकट्यासाठी झोंबाझोंबी करणारे उपाशी शेतकरी, ज्यांच्याच धान्याच्या दशमांशावर आतले कोठार भरलेले असते. झाक ल गोफ यांच्यासारख्या मध्ययुगाच्या थोर इतिहासकाराचा सल्ला या कामी घेतलेला होता. अंतर्भागातील बरेचसे चित्रण जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या परिसरातील एबरबाख या, इ. स. ११३६ मध्ये स्थापन झालेल्या, सिस्टर्शियन मठात ऐन हिवाळ्यात झाले. आणि मठाचे बाह्यरूप मात्र कलादिग्दर्शक दान्ते फेर्रेत्ती याने रोमजवळच्या एका टेकडीवर, युरोपात क्वचितच उभारला गेला असेल एवढ्या प्रचंड आकारात, नव्याने बांधून काढले. ग्रंथालयाचा भुलभुलैया कादंबरीत एकाच मजल्यावर पसरलेल्या छप्पन्न दालनांचा आहे; चित्रपटात तो उभा केला आहे, म्हणजे जिन्यावर जिना, पुलावर पूल, आणि वर पाहावे तरी ग्रंथ, खाली पाहावे तरी ग्रंथ. हा बदल दृष्टीला सुखावतो एवढेच नव्हे, तर ज्ञानाचा संचय हा जेव्हा वाट चुकविण्यासाठीच रचला जातो तेव्हा त्याचे काय होते, हे शब्दांवाचून समजावतो.

या मठात ग्रंथ म्हणजे काय वस्तू होती, हे ध्यानी घेतल्याशिवाय त्यापायी होणारे खून समजणार नाहीत. वासराचे वा मेंढराचे कातडे चुन्याच्या निवळीत भिजवावे, लाकडी चौकटीत ताणून बांधावे, अर्धचंद्राकृती सुरीने दोन्ही बाजूंनी तासावे, आणि वाळल्यावर खडूने घोटून गुळगुळीत करावे, तेव्हा कोठे चर्मपत्राचा एक ताव तयार होई. मायफळांचा काढा आणि हिराकस यांची शाई करून, हंसाच्या पिसाची लेखणी दर थोड्या ओळींनी चाकूने पुन्हा टोकदार करीत, खिडकीच्या उजेडात, गारठलेल्या बोटांनी लेखनिक ओळ ओळ उतरवीत असे. आणि एका मोठ्या ग्रंथाला कळपच्या कळप खर्ची पडत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने शारीरिक श्रम आणि प्रार्थना यांच्या जोडीला वाचनालाही दिनचर्येत स्थान दिले होते, आणि उपवासपर्वाच्या आरंभी प्रत्येक साधूला एक ग्रंथ देऊन तो आद्यंत वाचावा असा दंडक घातला होता. पश्चिम युरोपात रोमन साहित्याचा जो भाग तगून राहिला तो बहुतांशी या शिस्तीमुळे. परंतु त्याच नियमावलीने विनयाच्या पायऱ्या सांगताना हसण्याची घाई न करणे ही एक पायरी मानली आहे. आणि ग्रंथाचे रक्षण व हास्याचा निषेध या दोन उपदेशांची जेथे गाठ पडते, तेथेच या कथेतला विषाचा थेंब ठिबकतो.

आता विल्यमची तपासाची रीत पाहावी. शॉन कॉनरी या नटाने, आपल्या आधीच्या साहसी भूमिकांची सारी छाया पुसून, ही भूमिका अशा संयत प्रसन्नतेने वठविली की तिच्यासाठी ब्रिटिश चित्रपट अकादमीचे उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक त्याला लाभले. मठात पाऊल ठेवून घटकाभर झाली नाही तोच संकोचलेल्या आद्सोला तो शौचकूप कोठे आहे ते अचूक सांगतो. कारण एक साधू त्या दिशेस लगबगीने जाताना आणि समाधानाने संथपणे परतताना त्याने खिडकीतून पाहिलेला असतो. प्रसंग क्षुल्लक आहे, पण त्यात पुढच्या साऱ्या चौकशीचे बीज आहे. ज्या बुरुजाखाली पहिले प्रेत मिळाले त्याच्या खिडक्या उघडतच नाहीत, म्हणून मठवासी त्या मृत्यूत सैतानाचा हात पाहतात. विल्यम उताराचा कल पाहतो, वरच्या बाजूचा दुसरा लहान बुरुज पाहतो, आणि देह तेथून पडून घरंगळत खाली आला असावा हे दाखवून देतो. दुसरे प्रेत डुकरांच्या रक्ताच्या रांजणात उलटे खुपसलेले मिळते, तेव्हा इतरांचे डोळे त्या भयंकर दृश्यावर खिळलेले असताना हा बर्फातील पावलांच्या ठशांकडे वळतो आणि टाचांकडची खोली पाहून ताडतो की, चालणारा पाठमोरा, काही जड ओझे ओढीत आला होता. मृताच्या मेजावरील चिठोऱ्यावरून लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे तो मेणबत्तीच्या धगीवर धरून उमटवितो. यांपैकी एकाही गोष्टीला दैवी साक्षात्काराची गरज लागत नाही. लागते ती फक्त पाहण्याची आणि पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची चिकाटी.

असा मनुष्य चौदाव्या शतकात संभवनीय होता काय, अशी शंका कोणी घेईल. त्याच्या नावात बास्करव्हिल हे गाव जोडून लेखकाने शेरलॉक होम्सला मुजरा केला आहे हे उघड आहे. पण त्याची बौद्धिक वंशावळ मात्र अस्सल मध्ययुगीन आहे. तो स्वतःला रॉजर बेकनचा अनुयायी म्हणवितो, आणि बेकन या इंग्रज फ्रान्सिस्कनाने १२६७ च्या सुमारास पोपला सादर केलेल्या आपल्या महाग्रंथात प्रकाशशास्त्र व गणित यांचे माहात्म्य गाऊन, अनुभवाने पडताळा घेतल्याखेरीज ज्ञान पुरे होत नाही, असे प्रतिपादन केले होते. विल्यम ज्याचा मित्र म्हणून दाखविला आहे तो ऑकमचा विल्यम तर त्याच दशकात हयात होता आणि विनाकारण तत्त्वांची गर्दी करू नये असे बजावीत होता. लेखनशाळेत आपला नायक नाकावर भिंगांची जोडी चढवितो तेव्हा भोवतीचे लेखनिक चकित होतात, तेही यथार्थच. कारण चष्म्याचा शोध इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत लागला आणि १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये प्रवचन करताना जोर्दानो नावाच्या डॉमिनिकन साधूने, ही कला निघून अजून वीस वर्षेही झाली नाहीत, असे सांगितल्याची नोंद आहे.

या रीतीच्या समोर जी दुसरी रीत उभी ठाकते, तिचा इतिहास थोडा मागून घ्यावा लागतो. बाराव्या शतकापर्यंत युरोपात गुन्ह्याचा निवाडा साक्षीपुराव्याने होईना तेव्हा दिव्य करवीत: आरोपीने तापलेले लोखंड हाती धरावे किंवा उकळत्या पाण्यात हात घालावा, आणि जखम कशी भरते त्यावरून ईश्वराचा कौल मानावा. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून दिव्यांची वर्णने वाचलेल्या आपल्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नाही. इ. स. १२१५ मध्ये रोम येथील चौथ्या लॅटरन धर्मसभेने अशा दिव्यांना आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना मनाई केली, आणि त्यासरशी ईश्वराच्या निवाड्याची जागा माणसाच्या निवाड्याने घेण्याची वेळ आली. सुधारणा खरी, पण तिच्या पोटी एक नवा अनर्थ जन्मला. रोमन कायद्यात मुरलेल्या नव्या न्यायशास्त्र्यांनी गंभीर गुन्ह्यासाठी पुराव्याचे माप अतिशय कडक ठरविले: दोन निर्दोष प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीचा कबुलीजबाब हवा. बर्फातील पाऊलखुणा, अंगावरील डाग, खोटी पडलेली हकिकत, यांसारखी परिस्थितिजन्य चिन्हे कितीही बोलकी असली तरी त्यांची गणना पूर्ण पुराव्यात होईना. मनात घडणाऱ्या पाखंडासारख्या अपराधाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळणार कोठून? अर्थात कबुलीवाचून गत्यंतर उरले नाही, आणि कबुली हवीच असेल तर ती मिळविण्याचे साधनही हवेच. ते साधन, म्हणजे छळ, पोप चौथा इनोसंट याने १२५२ साली पाखंडाच्या चौकशीत फर्मान काढून मंजूर केले. अवयव तुटू नयेत, प्राण जाऊ नये, आणि छळात दिलेली जबानी नंतर पुन्हा ‘स्वखुशीने’ कायम करून घ्यावी, अशा अटी होत्या. दप्तरात लिहून ठेवण्यास त्या उत्तम होत्या.

चित्रपटात ही रीत बर्नार्दो गुईच्या रूपाने, एफ. मरे एब्राहम या नटाच्या थंड, गर्विष्ठ डोळ्यांनी, मठात प्रवेश करते. गुई ही कल्पित व्यक्ती नव्हे. डॉमिनिकन पंथाचा हा विद्वान १३०७ पासून सुमारे सोळा वर्षे तुलूझच्या धर्मचौकशीचा प्रमुख होता. संतचरित्रे आणि इतिहास यांचा तो मेहनती संकलक होता. आणि पुढच्या चौकशी-अंमलदारांसाठी त्याने जे हस्तपुस्तक रचले त्यात कोणत्या पंथाच्या माणसाला कोणते प्रश्न विचारावेत, तो कशी टाळाटाळ करील आणि त्याला शब्दांत कसे पकडावे, याची पद्धतशीर तपशीलवार मांडणी आहे. त्याच्या निवाड्यांच्या वहीत ६०० हून अधिक शिक्षांची नोंद असून त्यांपैकी जिवंत जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केलेल्यांची संख्या सुमारे ४० आहे. बाकीच्यांच्या वाट्याला कैद, यात्रा, किंवा वस्त्रावर पिवळा क्रूस शिवून वावरण्याची मानहानी आली. म्हणजे चित्रपटातील राक्षसापेक्षा इतिहासातील गुई अधिक मोजूनमापून वागणारा, नियम पाळणारा कारकुनी बाण्याचा मनुष्य होता. मला तर तोच अधिक भयावह वाटतो. क्रोधाने केलेला अन्याय क्रोधाबरोबर ओसरतो, पण नमुना ठरवून, रकाने आखून केलेला अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो.

तो या मठात येतो त्याचे निमित्तही इतिहासाला धरून आहे. ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काही नव्हते, हे मत फ्रान्सिस्कनांनी १३२२ मध्ये पेरूजा येथील सभेत जाहीर केले होते, आणि आव्हिन्यो येथे राहणाऱ्या बाविसाव्या जॉन पोपने पुढच्याच वर्षी ते पाखंड ठरविले. कारण ख्रिस्त निर्धन असेल तर त्याच्या चर्चने ऐश्वर्य भोगावे कोणत्या आधारे, हा प्रश्न त्यामागे उभा होता. या वादाची वाटाघाट मठात भरते, आणि मठाचा कोठारी रेमिज्यो व त्याचा कुबडा साथीदार साल्वातोरे हे दोघेही एके काळी दोल्चिनोच्या बंडखोर दरिद्री पंथात होते, हे उघडकीस येते. दोल्चिनोला १३०७ मध्येच जाळण्यात आले होते. मुद्देमाल म्हणून गुईच्या हाती लागते ती एक भुकेली खेडवळ मुलगी, एक काळे मांजर आणि एक काळा कोंबडा. तेवढ्यावर चेटकाचा आरोप उभा राहतो.

त्यानंतरचा न्यायसभेचा प्रसंग हा साऱ्या चित्रपटाचा गाभा आहे. विल्यमला मठाधिपतीच्या बरोबरीने न्यायासनावर बसविले जाते, म्हणजे त्याच्या संमतीने निकाल अधिक पक्का व्हावा. तो स्वतः एके काळी याच खात्याचा अंमलदार होता. एका ग्रीक ग्रंथाच्या अनुवादकाला त्याने निर्दोष ठरविले, गुईने तो निवाडा फिरवून उलट त्याच्यावरच पाखंडाचा आरोप ठेवला, आणि छळ सोसून त्याला माघार घ्यावी लागली. हा इतिहास पाठीशी असतानाही तो उभा राहून सांगतो की, रेमिज्योचे पूर्वायुष्य काहीही असो, हे खून त्याने केलेले नाहीत. त्यांचे मूळ ग्रंथालयातील एका ग्रीक पुस्तकात आहे. यावर गुई पुराव्याला पुराव्याने उत्तर देत नाही. तो फक्त छळाची आठवण करून देतो. आणि रेमिज्यो, जो तोवर आपल्या तरुणपणच्या श्रद्धेची ग्वाही अभिमानाने देत होता, तो भीतीने कोसळून न केलेले सारे खून सैतानाच्या नावाने कबूल करून टाकतो. दप्तर पुरे होते. तरीही पुढे प्रार्थनेच्या वेळीच ग्रंथपाल मालाकिया मरून पडतो, त्याचीही जीभ आणि बोटे आधीच्या मृतांप्रमाणे काळी पडलेली असतात, आणि विल्यमचे म्हणणे सर्वांच्या देखत खरे ठरते. तेव्हा गुई काय निष्कर्ष काढतो? की ज्याला हे आधी कळले तोच खुनी असला पाहिजे! कबुलीवर पोसलेल्या न्यायाची यापेक्षा विदारक मीमांसा मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेली नाही: तर्काने सत्यापर्यंत पोहोचणे हाच तेथे गुन्ह्यातील सहभागाचा दाखला होतो.

खरा अपराधी आहे तो वृद्ध, अंध होर्हे. ग्रंथालयाचा अप्रत्यक्ष धनी. या पात्राचे नाव आणि अंधत्व यांतून एकोने होर्हे लुईस बोर्हेस या अर्जेंटिनाच्या अंध साहित्यिकाचे स्मरण केले आहे, जो आपल्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा जो भाग आज उपलब्ध आहे त्यात शोकांतिकेचे विवेचन असून सुखात्मिकेविषयी पुढे सांगू असे आश्वासन आहे. तो पुढचा भाग कालौघात नष्ट झाला. त्याची एकमेव प्रत या मठात आहे, अशी एकोची कल्पना. हसण्याने भय जाते, भय गेले की श्रद्धा जाते, आणि अ‍ॅरिस्टॉटलसारख्या तत्त्वज्ञाने हास्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली तर ते थोपविणार कोण, या धास्तीने होर्हेने त्या पानांना विष माखून ठेवले आहे. पाने चिकटलेली, वाचकाने जिभेला बोट लावून पान उलटावे, आणि जितकी जिज्ञासा अधिक तितके विष अधिक पोटात जावे. विल्यम मात्र हातमोजे घालून पान उलटतो, ही बारीकशी गोष्ट डोळ्यांत भरते. त्याचीही जिज्ञासा त्या मृतांइतकीच अनावर आहे; फरक एवढाच की त्याने त्यांच्या बोटांवरील डाग वाचले आहेत.

चित्रपटाने मूळ ग्रंथाशी काही ठिकाणी तडजोड केली, हे नमूद केलेच पाहिजे. कादंबरीत ती निराधार मुलगी गुईच्या हाती सापडून नाहीशी होते, तिच्या वाट्याला चिताच आहे. चित्रपटात ती वाचते. कादंबरीतला गुई विजयी मुद्रेने आपल्या कैद्यांना घेऊन निघून जातो. चित्रपटात संतप्त ग्रामस्थ त्याचा रथ उलटवितात आणि तो मरतो. वास्तविक गुई १३२४ पासून लोदेव्हचा बिशप होता आणि १३३१ च्या अखेरीस तो निधन पावला. प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीला समाधान देण्यासाठी इतिहासाचा घेतलेला हा बळी मला अनाठायी वाटतो. कारण एका गुईच्या मरणाने ती रीत मेली असा भास त्यातून होतो, आणि न्यायालयीन छळाला युरोपातून कायद्याने हद्दपार होण्यास तर अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

याहून मोलाची एक गोष्ट चित्रपटात निसटली आहे. मठातील वृद्धांना या मृत्यूंत बायबलच्या अंतिम पुस्तकातील प्रलयचिन्हे दिसतात: आधी गारांचा वर्षाव, मग रक्त, मग जल. कादंबरीत विल्यमही काही काळ खुन्याने हाच क्रम योजिला आहे असे धरून चालतो, आणि शेवटी त्याला कळते की तसा कोणताच संकल्प नव्हता. पहिला मृत्यू तर आत्महत्या होती. चुकीच्या आराखड्याचा माग काढीत तो खऱ्या माणसापर्यंत पोहोचला, आणि हे तो आपल्या शिष्यापाशी दुःखाने कबूल करतो. ग्रंथालय जळते, ज्या पुस्तकासाठी हे सारे घडले ते होर्हे आपल्या तोंडात कोंबून नष्ट करतो. नायकाच्या पदरी चार ग्रंथांखेरीज काही उरत नाही. वरवर पाहता हा पराभवच आहे.

पण दोन रीतींतला भेद येथेच पूर्णपणे उघड होतो. खुणा वाचणारा चुकू शकतो, आणि पुढची खूण त्याला त्याची चूक दाखवू शकते; म्हणून त्याच्या चौकशीला सुधारण्याची वाट मोकळी असते. कबुली वदवून घेणारा कधीच चुकत नाही, कारण उत्तर त्याने आधीच ठरविलेले असते आणि समोरच्या देहाकडून ते फक्त म्हणवून घ्यावयाचे असते. अशा चौकशीला जगातील कोणतीही वस्तुस्थिती खोटी पाडू शकत नाही. आजच्या आपल्या साक्षीच्या कायद्यात पोलीस अंमलदाराजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही आणि परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पुरी असेल तर तिच्यावर निकाल देता येतो, यामागे हाच कित्येक शतकांचा कडू अनुभव साठलेला आहे. तथापि पुराव्याचा मार्ग लांबचा व कष्टाचा आणि कबुलीचा मार्ग जवळचा, हे आजही तितकेच खरे असल्यामुळे, तो दुसरा मार्ग चोखाळण्याचा मोह कोणत्याही काळातील अंमलदाराला पडतो. या मोहाची किंमत कोण भरतो हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने हा चित्रपट पाहावा. आणि न्यायसभेत सर्व बाजूंनी धाक असताना, आपल्या म्हणण्याला पाऊलखुणांखेरीज कोणाची साक्ष नाही हे ठाऊक असूनही, उठून उभा राहणारा तो साधू नीट लक्षात ठेवावा.